वाचक विचारतात : भर समुद्रातील गरवणीचे भाडे कसे समजून घ्यावे?

प्रश्न : आम्ही आठ मित्र, सगळे साठीच्या पुढचे, निवृत्तीनंतर नदीकाठी आणि धरणाच्या पाण्यावर गळ टाकून बसणारे. कटला, रोहू, क्वचित मरळ एवढाच आमचा अनुभव. येत्या डिसेंबरात एकदा कोकणात उतरून समुद्रात गळ टाकावा असे सर्वांच्या मनात आहे. फोनवर चौकशी केली तेव्हा तीन ठिकाणी तीन दर मिळाले. पहिल्याने माणशी ३,००० रुपये आणि चार तास असे सांगितले. दुसऱ्याने अख्ख्या बोटीचे १६,००० रुपये, सहा तास, मात्र डिझेल वेगळे, असे सांगितले. तिसऱ्याने सर्व काही धरून ३०,००० रुपये आणि दहा तास सांगितले, परंतु सहापेक्षा जास्त माणसे घेणार नाही असेही बजावले. इतकी तफावत कशामुळे, आणि रास्त दर कोणता हे ओळखायचे कसे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण विचारलेले तीनही दर वरवर एकाच गोष्टीचे वाटतात, पण ते तसे नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच आहे. बोटवाला आपल्याला मासे विकत नसतो. तो बोट, इंधन, तांडेल (बोट चालवणारा म्होरक्या), खलाशी आणि काही तास विकत असतो. मासे लागले तर ते आपले नशीब आणि तांडेलाचे कसब. म्हणून दराची तुलना करताना आकड्याकडे न पाहता, त्या आकड्यात प्रत्येकाची गरी, म्हणजे गळ, प्रत्यक्ष पाण्यात किती तास राहणार, हे आधी काढावे. हा हिशेब मांडल्याशिवाय केलेली घासाघीस बहुधा चुकीच्या ठिकाणी होते.

आपण जोतिबाला किंवा गणपतीपुळ्याला जाण्यासाठी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतो तेव्हा किलोमीटरचा दर, चालकाचा भत्ता, टोल आणि मुक्काम यांची वेगवेगळी विचारणा करतो, आणि गाडी कुठून कुठपर्यंत मोजली जाणार हेही विचारून घेतो. समुद्रावर मात्र हीच माणसे ‘सगळे मिळून किती’ एवढेच विचारतात. बोटीचा तास जेट्टी सोडल्यापासून मोजला जातो की गरी टाकल्यापासून, हा पहिला प्रश्न असायला हवा. जवळजवळ सर्वत्र तो जेट्टीपासून मोजला जातो, आणि तसा मोजण्यात गैर काही नाही, कारण इंजिन तेव्हापासूनच चालू असते. पण त्यामुळे चार तासांच्या सहलीत जाण्यायेण्याचा वेळ वजा करून हाती काय उरते, ते पाहावे लागते.

आता आपलेच तीन दर घेऊ. पुढील आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. आपण संबंधितांना विचारून ते बदलून घ्यावेत. डिझेल लिटरला ९० रुपये आणि पेट्रोल १०५ रुपये धरू.

पहिल्या दरात आठ जणांचे २४,००० रुपये होतात. जाण्यायेण्यात दीड तास गेला तर गरवायला अडीच तास उरतात. आठ माणसे गुणिले अडीच तास म्हणजे वीस ‘माणूस-तास’, आणि एका माणसाच्या एका तासाचे पडले १,२०० रुपये. त्यातही ही बोट माणशी दराने भरत असल्यामुळे आपल्याबरोबर आणखी चार-सहा अनोळखी मंडळी असण्याची शक्यता आहे, आणि बोटीवर रॉड किती आहेत हे त्याने सांगितलेले दिसत नाही. बारा माणसांत सहा रॉड असतील, तर आपला निम्मा वेळ दुसऱ्याच्या हाताकडे पाहण्यात जाईल आणि तोच तास २,४०० रुपयांना पडेल.

दुसऱ्या दरात सहा तासांपैकी जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास धरला तर साडेतीन तास उरतात. साध्या डिझेल इंजिनाच्या बोटीचा वेग आठ नॉट, म्हणजे तासाला आठ सागरी मैल, धरला, तर सव्वा तासात ती दहा सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेअठरा किलोमीटर जाते. जाताना-येताना तासाला १२ लिटर आणि गरवताना सरासरी चार लिटर डिझेल लागले तर एकूण ४४ लिटर होतात, त्याचे साधारण ४,००० रुपये. आमिष, बर्फ, पाणी आणि न्याहारी यांचे दीड हजार धरले तर एकूण २१,५०० रुपये. अठ्ठावीस माणूस-तासांनी भागले की तासाला सुमारे ७७० रुपये पडतात.

तिसरा दर ऐकून आपण दचकला असाल. पण ही बोट बहुधा पेट्रोलच्या आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून बसवलेल्या, इंजिनाची आणि वेगवान असावी. ती पंधरा नॉटने गेली तर दीड तासात बावीस सागरी मैलांच्या पुढे, म्हणजे चाळीस किलोमीटरहून अधिक आत जाऊ शकते. जाण्यायेण्याचे तीन तास वजा करता सात तास उरतात. सहा माणसांचे बेचाळीस माणूस-तास. ३०,००० भागिले ४२ म्हणजे सुमारे ७१५ रुपये. म्हणजे ऐकायला सर्वांत महाग वाटणारा दर तासाच्या हिशेबात तिन्हींत कमी पडतो, आणि माणशी ३,००० हा सर्वांत सोपा, सर्वांत कमी वाटणारा दर सर्वांत महाग ठरतो. शिवाय या तिसऱ्या बोटीच्या रकमेतला जवळजवळ निम्मा भाग इंधनाचाच असणार : तासाला ३५ लिटर प्रमाणे जाण्यायेण्याचे १०५ लिटर आणि गरवताना आणखी २८ लिटर, मिळून सुमारे १४,००० रुपयांचे पेट्रोल. उरलेल्या सोळा हजारांत तांडेल, खलाशी, रॉड-रीळ, आमिष, जेवण, इंजिनाची झीज आणि मालकाचा नफा. त्याला ‘पाच हजार कमी करा’ म्हटले तर तो ते कुठून काढणार? बहुधा अंतरातून. चाळीस किलोमीटरऐवजी पंधरा किलोमीटरवर नांगर टाकील, आणि आपल्याला ते कळणारही नाही.

इंधनाचा हा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा, कारण भाड्यातील चढउताराचे तेच मुख्य कारण असते. शंभर अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण जोरात चालवले तर तासाला ढोबळमानाने वीस लिटर डिझेल घेते, तर तेवढ्याच ताकदीचे पेट्रोलचे आउटबोर्ड इंजिन पस्तीस ते चाळीस लिटर पेट्रोल पिते. दुसरे असे, की पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग पाव पटीने वाढवायचा तर लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. म्हणून ‘जरा लवकर पोहोचवा’ हा आग्रह डिझेल वेगळे असलेल्या सौद्यात आपल्याच खिशाला भारी पडतो. तिसरे, मासेमारीची पद्धत. तांबोसा, हेकरू अशा खडकाळ तळाशी राहणाऱ्या माशांसाठी बोट नांगरून तळाला गरी सोडतात, तेव्हा इंजिन बंद असते. सुरमईसाठी मात्र पाच ते सात नॉटच्या वेगाने बोट चालती ठेवून मागे कृत्रिम आमिष ओढत नेतात, म्हणजे गरवण्याचे सगळे तास इंजिन चालूच राहते. एकाच बोटीवर, तितक्याच तासांत, पद्धत बदलली की डिझेलचे बिल दुपटीपर्यंत जाऊ शकते. तेव्हा ‘डिझेल वेगळे’ असे जो सांगतो त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : डिझेल कसे मोजणार, टाकी भरून निघून परत भरून दाखवणार की अंदाजाने सांगणार, आणि जास्तीत जास्त किती लिटरच्या पुढे आम्ही देणे लागणार नाही. या दुसऱ्या प्रश्नाला जो सरळ आकडा देतो, तो आपल्या व्यवसायाचा हिशेब ठेवणारा माणूस आहे असे समजायला हरकत नाही.

आता बोट उभी असतानाचा खर्च. ग्राहकाला तो दिसत नाही, म्हणून दर अवाच्या सवा वाटतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यानंतर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नौका पाण्यात उतरतात, तरी हौशी माणसांना घेऊन जाण्याइतका समुद्र सप्टेंबरअखेरपर्यंत क्वचितच निवळतो. पावसाळ्यात बोट ओढून वर घ्यायची, शाकारून ठेवायची, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, रंग द्यायचा, इंजिन उघडायचे, परवाना आणि विमा नवा करायचा; हे सगळे एकही गिऱ्हाईक नसताना. शिवाय चांगला तांडेल आठ महिने कामाला ठेवायचा तर त्याला उरलेल्या चार महिन्यांत उचल द्यावीच लागते. समजा, असा वर्षाचा ठोक खर्च चार लाख आहे आणि बोट वर्षात ऐंशी दिवसच गिऱ्हाईक घेऊन निघते, तर जेट्टी सोडण्याआधीच त्या दिवसावर ५,००० रुपये चढलेले असतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हाच मालक ताठ का असतो आणि जानेवारीच्या मधल्या मंगळवारी का नमतो, याचे उत्तर यात आहे. आपण सगळे निवृत्त आहात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळून, शनिवार-रविवार सोडून तारीख धरलीत, तर घासाघीस न करताही दर उतरेल.

माझा कौल विचाराल तर आपल्यासाठी दुसरा दर बरा. तासाच्या हिशेबात तिसरा किंचित स्वस्त असला, तरी त्यात दोन मित्रांना किनाऱ्यावर बसवावे लागेल, आणि समुद्राची सवय नसलेल्या साठीपुढच्या माणसांना पहिल्याच वेळी दहा तास पाण्यावर ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. बोट लागली की माणूस मान वर करत नाही, मग रॉड हातात असून उपयोग काय? अशा वेळी एकासाठी बोट परत फिरवली तर उरलेल्या तासांचे पैसे कोणी परत देत नाही, हेही आठही जणांनी आधी आपापसांत ठरवून घ्यावे. मैत्री टिकण्याच्या दृष्टीने हे कलम सर्वांत महत्त्वाचे. ज्यांना एस.टी.तही मळमळते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

विसार देण्याआधी आणखी काही गोष्टी कागदावर, निदान मोबाइलवरच्या संदेशात, लिहून घ्याव्यात. बोट प्रवासी नेण्यासाठी परवानाधारक आहे का आणि परवान्यावर किती माणसांची मुभा आहे. तिसरा मालक सहाच्या वर माणसे घेत नाही, ही त्याची अढी नसून बहुधा याच कागदाची मर्यादा आहे, आणि मला तरी ते त्याच्या बाजूचे लक्षण वाटते. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का. किनाऱ्यापासून आत गेल्यावर मोबाइलची रेंज जाते, तेव्हा बोटीवर व्हीएचएफ (बिनतारी संपर्काचा) संच आहे का. हवामान खात्याने इशारा दिला आणि बंदरात तीन नंबरचा बावटा लागला, तर विसार परत मिळणार की तारीख पुढे ढकलणार. मालकाने बोट रद्द केली आणि आपण रद्द केली या दोन्ही गोष्टींचे नियम वेगळे असतात, ते वेगवेगळे विचारावेत. दरात जीएसटी धरला आहे की वर लागणार, हेही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज रोज प्रसिद्ध करते. आदल्या दिवशी तो पाहून तांडेलाशी बोलावे, आणि तांडेल ‘नको’ म्हणाला तर वाद घालू नये.

कोल्हापूरहून जाणाऱ्यांनी आणखी एक खर्च धरायचा राहू नये. मालवण येथून सुमारे दीडशे किलोमीटर, रत्नागिरी त्याहून थोडी जवळ. गगनबावड्याने उतरा, फोंड्याने किंवा आंबा घाटाने, चार तास धरून चला. बोट मात्र पहाटे सुटते, कारण दुपारनंतर वारा वाढून पाणी खवळते. म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम अटळ. आठ माणसांचा मुक्काम, गाडी, दोन वेळचे जेवण असे मिळून होणारा खर्च बोटीच्या भाड्याच्या तोडीस तोड होऊ शकतो. तो कोणी बोटवाल्याच्या दरात शोधत बसू नये.

प्रश्न : समुद्रातील मोठ्या माशांच्या, विशेषतः कुपा (ट्यूना) आणि मार्लिनच्या चित्रफिती पाहून मला आणि माझ्या दोन मित्रांना तशा मासेमारीची ओढ लागली आहे. विजयदुर्ग किंवा देवगडहून बोट घेऊन एका दिवसात आंग्रिया बँकेपर्यंत जाऊन यावे असा विचार आहे. २५,००० रुपयांत हे बसेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एका दिवसात बसणार नाही, आणि २५,००० रुपयांतही बसणार नाही. कारण रुपयांत शोधण्याआधी समुद्राच्या तळात शोधायला हवे.

किनाऱ्यापासून आत जाताना तळ काही अंतरापर्यंत हळूहळू उतरत जातो आणि मग एकदम खोल दरीत कोसळतो. या उतरत्या भागाला भूखंडमंच म्हणतात. चित्रफितींतले मोठे मासे बहुधा त्याच्या कडेला किंवा कडेपलीकडच्या निळ्या पाण्यात फिरतात. हवाई बेटांवर कोना किनाऱ्याला ही खोली बंदरापासून हाकेच्या अंतरावर मिळते, अंदमानातही कित्येक बेटांच्या अगदी जवळ मिळते. आपल्या कोकण किनाऱ्यापुढचा मंच मात्र रुंद आहे. त्याची कड किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही दूर राहते. म्हणून त्याच माशासाठी तिकडे अर्धा दिवस पुरतो आणि इथे निम्मा प्रवास सुद्धा त्यात होत नाही.

कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक हे पाण्याखालचे प्रवाळांचे पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. त्याचा सर्वांत उथळ भागही साधारण वीस मीटर पाण्याखाली आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, या हिशेबाने ते सुमारे ५७ सागरी मैल होतात. आठ नॉटच्या बोटीला एका बाजूला सात तास, जाऊन-येऊन चौदा. तासाला १२ लिटर डिझेल धरले तर नुसत्या वाटेवर १६८ लिटर, म्हणजे पंधरा हजारांच्या वर रुपये. यात गरवण्याचे तास नाहीत, रात्र नाही, दोन पाळ्यांचे खलाशी नाहीत, बर्फ आणि अन्नपाणी नाही, आणि परतीच्या वाटेवर वारा समोरून लागला तर राखून ठेवायचे डिझेलही नाही. शहाणा तांडेल टाकीतला तिसरा हिस्सा शिल्लक ठेवूनच हिशेब करतो. वेगवान बोटीने गेलात तर तास कमी होतील, पण इंधन किती वाढेल ते वरच्या उत्तरात आलेच आहे. शिवाय बारा सागरी मैलांची प्रादेशिक जलसीमा ओलांडून इतके दूर जाण्यासाठी बोट, परवाना आणि संपर्काची साधने वेगळ्या दर्जाची लागतात. जो फोनवर लगेच ‘नेतो की साहेब’ म्हणाला, त्याच्याकडून मी तरी बोट घेणार नाही.

आपण तिघे आहात आणि हाती २५,००० रुपये आहेत, तर किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत सुरमई, तांबोसा आणि नशिबात असेल तर एखादा लहान कुपा, एवढ्यावर मन बसवावे. बोटवाल्याला ‘खोल समुद्रात नेणार का’ असे न विचारता ‘किती वावांत नांगर टाकणार’ असे विचारा. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. ‘दहा वावांत’ म्हणाला तर साठ फूट पाणी. त्यात मार्लिनची वाट पाहण्यात अर्थ नाही, पण सुरमईला ते पुष्कळ आहे. आणि खरेच मोठा मासा हवा असेल तर दोन-तीन वर्षे पैसे साठवून अंदमानला, स्वराज द्वीपाकडे जावे. विमानाचे तिकीट धरूनही दर तासाचा हिशेब आंग्रिया बँकेपेक्षा फार वेगळा येणार नाही असा माझा अंदाज आहे, आणि निळ्या पाण्यातले तास तरी पदरी पडतील.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत फ्लोरिडातील टॅम्पा येथे असते. पुढच्या भेटीत वडिलांना समुद्रात मासेमारीला न्यायचे असे तिने ठरवले आहे. तिथले दर ‘सहा जणांसाठी अमुक डॉलर’ असे सांगितले जातात. आम्ही तिघेच जाणार. शिवाय वर वीस टक्के द्यावे लागतात म्हणे. हे काय प्रकरण आहे?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : अमेरिकेत तपासणी-प्रमाणपत्र नसलेल्या छोट्या बोटीवर कप्तानाला सहापर्यंतच पैसे देणारे प्रवासी नेता येतात, असा तिथल्या तटरक्षक दलाचा नियम आहे. म्हणून दर अख्ख्या बोटीचा आणि सहा जणांचा सांगतात. आपण तिघे गेलात तरी तो कमी होत नाही. तिघांना परवडत नसेल तर माणशी तिकीट घेऊन जाणारी मोठी बोट असते, तीस-चाळीस जण एकत्र कठड्याला उभे राहून गरवतात. खर्च फारच कमी. पण दोरे एकमेकांत गुंततात, आणि कुठे थांबायचे ते आपल्या हातात नसते. वडिलांना एकदाच अनुभव द्यायचा असेल तर मुलीने आणखी एखादे ओळखीचे कुटुंब गाठून छोटी बोट वाटून घ्यावी, हे मला अधिक पटते.

वरची रक्कम म्हणजे बक्षिसी. बोटीवर आमिष लावणारा, मासा गरीतून काढणारा, साफ करून देणारा जो मदतनीस असतो, त्याची बरीच कमाई तीवरच असते. भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के देण्याची तिथे रीत आहे. भाडे १,५०० डॉलर असेल तर २२५ ते ३०० डॉलर वेगळे धरूनच निघावे. शेवटी खिसे चाचपडण्याची वेळ वडिलांवर येऊ नये. इंधनाचा अधिभार वेगळा आहे का, हे आधी विचारावे. मासेमारीच्या परवान्यासाठी मात्र वेगळा खर्च लागत नाही, कारण फ्लोरिडात परवानाधारक भाड्याच्या बोटीवरील प्रवाशांना बोटीच्याच परवान्याचे छत्र मिळते.

टॅम्पाच्या बाबतीत एक गोष्ट मुलीच्या कानावर घाला. मायामीकडे आणि दक्षिणेच्या ‘कीज’ बेटांकडे खोल पाणी किनाऱ्यापासून काही मैलांत येते. फ्लोरिडाच्या पश्चिम बाजूचा मंच मात्र आपल्या कोकणासारखाच रुंद आणि सावकाश उतरणारा आहे. त्यामुळे टॅम्पाहून अर्ध्या दिवसाची सहल ही किनाऱ्याजवळचीच असते. वडिलांना खोल पाणी दाखवायचे असेल तर तिथे पूर्ण दिवस घ्यावा लागेल, किंवा मोटारीने चार-पाच तास आग्नेयेला मायामीकडे जाऊन अर्धा दिवस. दोन्हींची बेरीज मांडून पाहावी.

प्रश्न : मासेमारीच्या ट्रॉलरवर ओळखीने एक रात्र गेलो तर भाडे वाचेल ना?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : जाऊ नये. त्या नौकेची नोंदणी मासेमारीसाठी असते, प्रवासी नेण्यासाठी नव्हे; तिच्या डिझेलवर मिळणारी करसवलतही मासेमारीसाठीच आहे. काही झाले तर विम्याचा आधार आपल्याला मिळेल असे धरता येणार नाही, आणि ओळखीच्या मालकाचा परवाना अडचणीत येईल तो वेगळाच. शिवाय जाळे ओढण्याच्या कामात हौशी माणूस पायात येतो.

प्रश्न : लागलेली मासळी कोणाची? आम्ही घरी आणू शकतो का?
— एक वाचक, कळंबा, कोल्हापूर

उत्तर : जे ठरेल ते, म्हणून ठरवून घ्यावे. हवाईत कित्येक बोटींवर मासळी बोटीच्या मालकीची मानतात आणि गिऱ्हाइकाला थोडा वाटा देतात. आपल्याकडे सहसा लहानसहान मासळी गिऱ्हाईक नेते. पण पाच-सहा किलोंची सुरमई लागली की तिचा बाजारभाव सर्वांनाच आठवतो, आणि मग जेट्टीवर तोंडे वाकडी होतात. भाडे ठरवतानाच ‘सर्व मासळी आमची’ किंवा ‘एवढ्या वजनापुढे निम्मी’ असे बोलून घ्यावे. मासळी सोडून देणार असाल तर तेही आधी सांगावे.

काही जीव मात्र कोणाचेच नसतात. व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कासव, डॉल्फिन, करवत मासा यांनाही संरक्षण आहे. चुकून गरीला लागले तर दोरा कापून सोडावे. पिल्ले धरण्यालाही आता आळा आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत, तेव्हा बोटीवर मोजपट्टी आहे का ते पाहावे. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ‘लांब कशाला, किल्ल्यामागेच गरी टाकू, डिझेल वाचेल’ असे कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा.

मासळी घाट चढवून आणायची असेल तर थर्माकोलची पेटी घरून न्यावी. जेट्टीवरच पोट साफ करून घ्यावे. खलाशी ते करून देणार असेल तर त्याचे शे-दोनशे रुपये वेगळे द्यावेत, भाड्यात ते धरलेले नसते. मासळीच्या वजनाइतका तरी फोडलेला बर्फ घालावा, तळाला एक थर आणि वर एक थर, आणि वितळलेले पाणी निघून जाईल असे पेटीला खाली भोक ठेवावे. बर्फ बंदरावरच घ्यावा. गगनबावड्यात मिळेल या भरवशावर निघू नये.